अब्बाचं माप

आमच्या चाचांच्या गॅरेजच्या दाराशी शाळेतला एक जुना फळा टांगलेला होता. सकाळी शटर वर गेलं की चाचा आधी रस्त्यापलीकडच्या पंपाकडे पाहायचे, तिथला पेट्रोलचा आजचा भाव खडूनं फळ्यावर उतरवायचे आणि त्याखाली एकच शब्द लिहायचे: ‘काहून?’ मग खडू खिडकीत ठेवून कामाला लागायचे. ज्याला उत्तर येतं त्यानं खाली लिहावं, एवढाच नियम.

दुपारपर्यंत फळा भरून जायचा. कोणी ‘टॅक्स’ लिही, कोणी ‘लढाई’, कोणी ‘डॉलर’. ‘मागचं सरकार’ असं कोणी लिहिलं की दुसरा लगेच त्याच्याखाली ‘आत्ताचं सरकार’ लिहून जाई. एकानं ‘माझी सासुरवाडी’ लिहिलं होतं, ती कारंजाला होती आणि बायको दर रविवारी गाडी काढायला लावायची. संध्याकाळी चाचा ओल्या फडक्यानं सगळं पुसून टाकायचे. कोणाचं बरोबर, कोणाचं चूक, हे त्यांनी कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा भाव, पुन्हा ‘काहून?’.

हे आपलं वाशीम जिल्ह्यातलं मालेगाव बरं का, नाशकाकडचं नव्हे. मी इथं आरोग्यसेविका म्हणून आले तेव्हा अनसिंगच्या घरून रोज येणं-जाणं जमेना, म्हणून खोली शोधत फिरत होते. तीन ठिकाणी पाहिली, तिन्ही ठिकाणी पहिला प्रश्न ‘आडनाव काय’. चौथी खोली चाचांच्या गॅरेजच्या वर. चाचा कोणाच्या तरी गाडीखाली आडवे पडलेले. तिथूनच त्यांनी माझ्या स्कूटीचं चाक पाहिलं आणि विचारलं, “ॲवरेज किती देते?”

मी म्हटलं, “माहीत नाही.”

ते गाडीखालून बाहेर आले. मी माझंच नाव विसरले असं सांगितल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. “खोली देतो,” म्हणाले, “पन हे बरं न्हाई, सिस्टरबाई.”

पुढची चार वर्षं मी त्या खोलीत काढली. माझं नाव त्यांनी शेवटपर्यंत विचारलं नाही. ॲवरेज मात्र दर सोमवारी विचारलं.

माणूस उंच, हडकुळा, दाढी मेंदीची, हात कोपरापर्यंत काळे. दिवसभर दुसऱ्यांच्या मोटारसायकली दुरुस्त करायचे आणि स्वतः मात्र सायकलवर फिरायचे. आयुष्यात गाडी घेतली नाही. मी एकदा कारण विचारलं तर म्हणाले, “माह्याजवळ गाडी असती तं मीबी कोन्या एका बाजूनं बोललो असतो. आता मले कोनीबी बोलावते.” आणि खरंच बोलावायचे. पेट्रोलवरून कुठं वाद पेटला की माणसं चाचांकडे यायची. वाद रोजच पेटायचा. भावानं शंभरी ओलांडली तेव्हापासून गावात दुसरा विषयच उरला नव्हता. वाशीमपेक्षा आपल्याकडे काही पैसे जास्त काहून, यावरसुद्धा माणसं तासतासभर भांडायची.

पण चाचांकडे भांडायला एक अट होती. भाव काहून वाढला हे ज्याला सांगायचं असेल, त्यानं आधी आपली गाडी स्टँडवर लावायची. तो बोलत असताना चाचा हातानं मागचं चाक फिरवणार, ते किती फेरे घेतं ते मोजणार. मग प्लग काढून त्याचं तोंड पाहणार. मग अंगठ्यानं टायर दाबणार. बोलणारा बोलतोच आहे.

एक निवृत्त मास्तर रोज यायचे. त्यांचा पक्ष टॅक्सचा. लिटरमागे दिल्ली किती नेते, मुंबई किती नेते, हे ते बोटांवर मोजून सांगत आणि ऐकताना माझंही डोकं तापत असे. एके दिवशी त्यांचं भाषण ऐन रंगात आलं होतं आणि चाचांनी चाक फिरवलं. दीड फेरा घेऊन चाक थांबलं. ब्रेक चिकटून बसला होता.

“मास्तर, टॅक्स तं सरकारनं लावला. हे ब्रेक कोनं लावून ठेवलं?”

सगळे हसले. मास्तर भडकले. “म्हणजे टॅक्सचा काही दोषच नाही म्हणा ना!”

“मी कुठं न्हाई म्हनलं? टॅक्सबी हाय, ब्रेकबी हाय. पन टॅक्सच्या नटले माहा पाना बसत न्हाई.”

मला हे पटायचं नाही, आणि न पटलेलं पोटात ठेवणं माझ्या स्वभावात नाही. मी एकदा जिन्यावरूनच सुनावलं होतं, “चाचा, तुमचं आपलं बरं आहे! सगळा दोष गरिबाच्या ब्रेकचा! माझा प्रवासभत्ता आहे तिथंच आहे, खेडी काही जवळ सरकली नाहीत आणि पेट्रोल चढतंय. मी काय करू, बाळंतिणीला सांगू का की टायरात हवा भरून ये?”

ते पाना खाली ठेवून शांतपणे ऐकत राहिले. माझं संपल्यावर म्हणाले, “गुस्सा बराबर हाय तुमचा.” आणि पाना उचलत, “प्लग काढू का?”

असा माणूस. चिडावं तरी कसं?

त्यांना चिडवू शकायची ती फक्त चाची. ठेंगणी, गोल, तोंडात पान. ती वरच्या खिडकीतून ओरडायची, “पेट्रोल, पेट्रोल! दिवसभर पेट्रोल! माह्या सिलेंडरचा भाव कधी येनार हाय का त्या फळ्यावर?” चाचा वर न पाहता म्हणायचे, “सिलेंडरले चाक न्हाई.” चाची म्हणायची, “मंग आज रोट्या चाकावरच भाजा.” मग त्या दिवशी फळ्यावर कोपऱ्यात बारीक अक्षरात सिलेंडरचा भाव लिहिलेला असायचा. त्याखाली ‘काहून?’ नसायचं. चाचीलाही तेवढं पुरायचं.

आता मापाकडे येते. गॅरेजमध्ये सगळं तेलकट, काळं. स्वच्छ वस्तू एकच. आतल्या भिंतीला खिळ्यावर पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं पत्र्याचं एक लिटरचं माप. वरच्या काठाशी आतून एक कडी झाळलेली, तिथपर्यंत भरलं की लिटर. चाचांचे वडील एके काळी हातगाडीवर रॉकेल विकायचे, त्यांचं ते माप. अख्ख्या मालेगावात या मापाबद्दल कोणाची तक्रार नव्हती असं चाचा सांगत, आणि जुनी माणसंही तेच सांगत. चाक मोकळं, प्लग साफ, हवा बरोबर, कार्बोरेटर बरोबर, आणि तरी गाडी ॲवरेज देत नसेल, तर मग ते माप काढायचं आणि पंपाचं पेट्रोल मोजायचं, असा चाचांचा शेवटचा कायदा होता. पण तिथवर गोष्ट जायचीच नाही. प्रत्येक गाडीत काही ना काही निघायचंच. माझ्या चार वर्षांत त्या कामासाठी ते माप एकदाच खिळ्यावरून उतरलं.

पंपावर तेव्हा सुजाता होती. बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत राहायची. नवरा गेलेला, घरी सासू, मुलगी वाशीमला शिकायला. पंपावर बाई पेट्रोल भरते म्हणून सुरुवातीला गावानं मान वळवून वळवून पाहिलं, मग सवय झाली. खाकी शर्ट साडीवर घालायची आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला नळी लावण्याआधी मोठ्यानं म्हणायची, “झिरो पाहा, भाऊ.” समोरचा फोनवर बोलत असला तर थांबायची. त्यानं मशीनच्या काचेकडे पाहिल्याशिवाय नळी दाबायची नाही. मागची रांग ओरडली तरी नाही. मला म्हणायची, “झिरो पाहा, सिस्टर,” आणि मी घाईत असले तर माझीच हनुवटी बोटानं मशीनकडे फिरवायची. आमची तेवढ्यावरच मैत्री झाली होती.

त्या दिवशी भाव पुन्हा चढला होता आणि फळ्यापाशी मास्तर आणि अडत दुकानातला एक दिवाणजी यांच्यात हातघाईवर यायची वेळ आली होती. दिवाणजींचा पक्ष लढाईचा. कुठं तरी दूर तोफ उडाली की मालेगावात भाव चढतो, असं त्यांचं म्हणणं. तेवढ्यात एक दूधवाला आला. त्याच्या गाडीचं इंजिन चाचांनी महिन्यात तीनदा सेट केलं होतं. चाक मोकळं फिरत होतं, प्लग स्वच्छ होता, हवा बरोबर होती. तरी तो म्हणाला, “चाचा, ॲवरेज आनखीनच पडलं.”

चाचांनी चाक पुन्हा एकदा फिरवून पाहिलं. मग त्यांनी हात पुसले, आत गेले आणि माप उतरवलं. भांडण जागच्या जागी थांबलं. मी ड्यूटीवर निघाले होते, तीही थांबले.

रस्ता ओलांडून चाचा पंपावर गेले. उघड्या भांड्यात पेट्रोल द्यायचं नसतं, तशी पाटीही आहे तिथं, पण चाचांना नाही कोण म्हणणार? सुजाता म्हणाली, “झिरो पाहा, चाचा.” चाचांनी पाहिला. तिनं बरोबर एक लिटर मापात भरलं. चाचा ते तळहातावर धरून, थेंब सांडू न देता परत आले आणि पायरीवर ठेवलं.

पेट्रोल कडीच्या बोटभर खाली होतं.

इतक्या दिवसांत फळ्यावर पहिल्यांदाच सगळ्यांचं एकमत झालं. मास्तर टॅक्स विसरले, दिवाणजी लढाई विसरले. कोणी तरी सगळं पुसून मोठ्या अक्षरात ‘पंप’ लिहिलं. पन्नास-साठ माणसं पंपावर गेली. दुरून आलेल्या संकटाचा मालक हाताशी सापडला म्हटल्यावर माणसांच्या अंगात काय येतं ते मी त्या दिवशी पाहिलं. पंपाचे शेठ घाबरून बाहेर आले. त्यांनी पंपावर ठेवलेलं सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप काढलं आणि स्वतःच्या हातानं भरून दाखवलं. काटोकाट बरोबर.

“माप तुमचंच!” असं आधी कोणी तरी ओरडलं. मग दुसरा ओरडला, “मशीन बराबर हाय, मंग भरनाऱ्याचा हात खोटा!” आणि सगळ्यांच्या माना सुजाताकडे वळल्या.

ती चाचांना म्हणाली, “चाचा, झिरो तुमी स्वतः पाह्यला. एक लिटरचा आकडाबी पाह्यला. सांगा ना यायले.”

चाचा म्हणाले, “पाह्यला. पन माप झूट बोलत न्हाई, बाई. अब्बाचं हाय.”

शेठनं हिशेब केला असणार की मशीनवर बोट ठेवलं जाण्यापेक्षा माणसावर गेलेलं स्वस्त. सगळ्यांदेखत तिला म्हणाले, “उद्यापासून येऊ नको.” तिनं खाकी शर्ट तिथंच काढला, घडी केली, ऑफिसच्या खिडकीत ठेवला आणि साडीचा पदर ओढून गर्दीतून चालत गेली. एकही माणूस बाजूला सरकला नाही, तिलाच वाकडं वाकडं व्हावं लागलं. आणि मी? मी फटकळ म्हणून गावभर मिरवणारी बाई, मी स्कूटीवर बसून गप्प राहिले. मलाही त्या मापावर विश्वास होता.

दुसऱ्या दिवशी चाचांनी फळ्यावर भाव लिहिला आणि खाली ‘काहून?’ लिहिलंच नाही. उत्तर सापडलं होतं ना. पुढचे तीन आठवडे फळ्यावर नुसता भाव. गंमत म्हणजे भाव उतरला नाही, पण माणसं शांत झाली.

मग चाचांची लेक कारंजाहून माहेरी आली आणि तिच्या लहानग्याला जुलाब लागले. मी माझ्या खोलीतून ओआरएसचं पाकीट आणि दवाखान्यातला खुणांचा जार घेऊन चाचीच्या स्वयंपाकघरात गेले. पाणी मोजताना माझ्या सवयीप्रमाणे मी बजावत होते, “चाची, लिटर म्हणजे लिटर हं. अंदाजानं नाही. जास्त नको, कमी नको.”

चाची खुदकन हसली. “हे माह्या सासऱ्याले सांगाले पाह्यजे होतं, बेटा. त्यायचं लिटर लिटरपेक्षा मोठं होतं.”

“म्हणजे?”

“अगं, ते रॉकेलचं माप. माह्या लग्नाच्या साली नवीन बनवलं. टिनवाल्याले मुद्दाम सांगतलं, कडी बोटभर वर झाळ. म्हने, गर्दीत हात हालते, थोडं सांडते, गिऱ्हाइकाले कमी जाले नोको. खुदासमोर मले कोनी कमी मापाचा म्हनाले नोको. मी डोळ्यानं पाह्यलं ना, टिनवाला अंगनातच बसला होता.”

हातातला जार मी ओट्यावर ठेवला. मी म्हटलं, “चाची, हे तुम्ही चाचांना सांगितलं नाही कधी?”

“त्यायले मालूमच असन! त्यायच्या अब्बाचं हाय.” मग माझा चेहरा पाहून तिचंही पान चघळणं थांबलं. “काहून? काय झालं?”

पंपावर काय झालं ते तिला माहीत होतं. ते कशानं मोजलं होतं, हे तिला कोणीच सांगितलं नव्हतं. गॅरेजमधल्या गोष्टी चाचीला कोण सांगणार? आणि तिला कोण विचारणार?

लेकराला पाणी पाजून आम्ही दोघी जार घेऊन खाली गॅरेजमध्ये गेलो. चाचा जेवून नुकतेच बसले होते. मी सरळ खिळ्यापाशी गेले. माप उतरवलं, जारमध्ये बरोबर एक लिटर पाणी घेतलं आणि मापात ओतलं. पाणी कडीच्या बोटभर खाली राहिलं. अगदी तिथंच, जिथं पेट्रोल राहिलं होतं.

चाचांनी जार माझ्या हातातून घेतला, खुणा नीट पाहिल्या आणि स्वतः ओतलं. तेच. तिसऱ्यांदा ओतलं. तेच. चाचीनं टिनवाल्याची गोष्ट सांगितली. चाचा उठले, नळाखाली साबणानं हात धुवायला लागले आणि धूतच राहिले. त्यांचे हात मी पहिल्यांदा गोरे पाहिले.

“अब्बानं चांगलंच केलं होतं,” ते म्हणाले. “देयासाठी केलं होतं त्यायनं. मीच त्याच्यानं दुसऱ्याचं मोजलं.”

मग हात पुसता पुसता म्हणाले, “साऱ्या गावाचे प्लग काढले. हे एक काढलं न्हाई.”

मला रडू आलं, लपवत नाही.

चाचा सायकलवर आणि मी स्कूटीवर, असे आम्ही सुजाताच्या घरी गेलो. ती घरी नव्हती. सासूनं सांगितलं की बाजार समितीत सोयाबीन निवडायला जाते रोजीनं. आम्ही तिथं गेलो. दहा-बारा बायकांमध्ये तोंडाला रुमाल बांधून ती बसली होती. चाचा सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, “बाई, तू खरी होती. माप माह्यं मोठं होतं. मले माफ कर.”

तिनं रुमाल खाली केला. मला वाटलं रडेल, नाही तर शिव्या देईल. ती म्हणाली, “मी खरी हाय हे मले मालूम होतं, चाचा. हे मले कायले सांगता? जिथं म्हनले होते तिथं जाऊन सांगा.” आणि रुमाल वर करून पुन्हा निवडायला लागली.

चाचा दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पंपावर हजर. गॅरेजचं शटर खाली. फळा मात्र बाहेर आणि त्यावर भावाच्या खाली पहिल्यांदाच चाचांच्या अक्षरात उत्तर: ‘माह्यं माप मोठं होतं. बाई खरी होती.’

शेठ म्हणाले, “चाचा, झालं ते झालं. लोक आता शांत झाले. कायले उकरता?”

चाचांनी काही वाद घातला नाही. सुजाता ज्या मशीनपाशी उभी राहायची तिथं ते उभे राहिले, एका हातात माझा जार, दुसऱ्या हातात अब्बाचं माप, आणि पाण्याची बादली. येईल त्या गिऱ्हाइकाला थांबवून लिटर ओतून दाखवायचे, “पाह्य भाऊ, माह्यं मोठं हाय. बाई खरी होती.” पहिल्या दिवशी माणसं हसली. दुसऱ्या दिवशी चिडली. मास्तर तर माझ्याकडे तक्रार घेऊन आले, “सिस्टर, समजवा त्यांना. गावाचा चाचांवर विश्वास होता. तो कशाला मोडताहेत?” मी म्हटलं, “मास्तर, तुम्ही शाळेत गणित चुकलं तर तसंच ठेवायचा का?” त्यानंतर ते माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत.

दूधवालासुद्धा आला. पाणी ओतलेलं पाहिलं आणि मान खाजवत म्हणाला, “तसं चाचा, मी महिन्यापासून तिसरा कॅन लावून राह्यलो गाडीले.” चाचांनी त्याच्याकडे फक्त पाहिलं. मी चाचांच्या जागी असते तर बादली त्याच्या डोक्यावर ओतली असती.

चौथ्या दिवशी शेठ वैतागले. गिऱ्हाइकं पेट्रोल भरायचं सोडून पाणी पाहत उभी राहायची. “तिले ये म्हना उद्यापासून,” ते म्हणाले, “पन तुमी तुमच्या दुकानात जा, हात जोडतो.”

सुजाता लगेच आली नाही. घरी बसवलेल्या दिवसांचा पगार आधी मागितला, तो हातात पडल्यावर आली. शेठनं खाकी शर्ट खिडकीतून काढून दिला. तिनं सोडलेली घडी तशीच होती.

त्या दिवशी फळ्यावर पुन्हा ‘काहून?’ आलं. पुन्हा टॅक्स, पुन्हा लढाई, पुन्हा डॉलर. मास्तर आणि दिवाणजी पुन्हा भांडायला लागले, आणि खरं सांगते, मला ते ऐकून बरं वाटलं. भाव काहून वाढला ते मला आजही ठाऊक नाही.

माप परत खिळ्यावर गेलं. कडी काढून खाली झाळून घ्या, असं मी सुचवलं होतं. चाचा म्हणाले, “अब्बानं वर लावलेली मी खाली करू?” त्यानंतर ड्रममधलं सुटं इंजिन ऑइल ते त्या मापानं द्यायला लागले आणि पैसे एका लिटरचेच घ्यायचे. दुसऱ्याचं मोजायला माझ्याकडे होता तसाच एक खुणांचा जार वाशीमहून आणून ठेवला होता.

पार्ट धुवायला चाचांना लागायचं थोडं पेट्रोल. ते डबा घेऊन रस्ता ओलांडायचे. सुजाता परत आली त्याच दिवशी गेले. मी खिडकीतून पाहत होते. ती म्हणाली, “झिरो पाहा, चाचा.” आणि चाचांनी मशीनकडे पाठ केली. रस्त्याकडे तोंड करून, हात मागं बांधून उभे राहिले. ती थांबली. आपल्या नियमाप्रमाणे थांबलीच. मागं रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. चाचा काही वळेनात. शेवटी तिनं नळी दाबली, डबा भरला, झाकण लावलं आणि त्यांच्या हातात दिला. पुढं दरवेळी असंच. जगाचं चाक फिरवून पाहणारा माणूस तिच्या मशीनकडे पाठ करून उभा राहायचा. नव्या माणसांना वाटायचं, म्हाताऱ्याचा पंपावर राग असेल.

माझी कारंजाला बदली झाली. सामान टेम्पोत गेलं होतं, चाचीनं डोळे पुसत डबा बांधून दिला होता, चाचांनी माझे दोन्ही टायर अंगठ्यानं दाबून पाहिले होते. मी टाकी भरायला पंपावर थांबले.

“झिरो पाहा, सिस्टर.”

मी पाहिला. सवयच ती. पाहिला आणि मग जीव शरमला. इतकं सगळं होऊनही मी पाहिला होता. म्हटलं, “सुजाता, मीही पाठ करायला पाहिजे होती गं.”

ती हसली, नळी लावली आणि काचेवरच्या आकड्यावरची नजर न हलवता म्हणाली, “नोको माय, तुमी पाहत जा. चाचा पाहत न्हाईत तं त्यायच्या वेळी मलेच दोनदा पाहा लागते.”